पराभव आणि प्रेक्षकाचा धर्म

मनुष्यस्वभावातील ज्या काही चमत्कारिक गोष्टी आहेत, त्यांत ही एक खचित गणली पाहिजे की, ज्या खेळात आपण स्वतः पाऊल टाकले नाही, ज्यातील जयाने आपल्या पदरात कवडी पडावयाची नाही व पराजयाने आपले काडीचेही नुकसान व्हावयाचे नाही, त्या खेळाच्या निकालाने आपली झोप उडते. व्यवहारी मनुष्य यास वेड म्हणेल. परंतु जगातील लक्षावधी माणसे हे वेड जाणूनबुजून पत्करतात, त्यापायी पदरमोड करतात, रात्रीचा प्रवास करतात, आणि पुष्कळदा मान खाली घालून घरी परततात. या वेडाला काही अर्थ आहे काय, आणि असल्यास त्यातून प्रेक्षकावर काही कर्तव्य येते काय, या प्रश्नाचा विचार आपल्या शाळेच्या वार्षिकांकात करण्यास तसेच कारण घडले आहे.

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात मडगावजवळ फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर भारताचा फुटबॉल-संघ सिंगापूरकडून १ विरुद्ध २ गोलांनी हरला, आणि २०२७ साली सौदी अरेबियात योजिलेल्या आशियाई चषकस्पर्धेचे दार आपल्याला बंद झाले. मुंबईच्या उपनगरांतून कोकण रेल्वेने जी मंडळी हा सामना पाहण्यास गेली होती, त्यांत प्रस्तुत लेखकही होता. चौदाव्या मिनिटास लालियानझुआला छांगटे याने दुरून मारलेला चेंडू जाळ्यात गेला, तेव्हा सगळे क्रीडांगण उभे राहिले. मध्यंतर तोंडावर आले असता सिंगापूरच्या सोंग उई-यंग याने बरोबरी साधली, आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटास त्यानेच दुसरा गोल केला. पुढील अर्धा तास आपल्या खेळाडूंनी धावपळ पुष्कळ केली. परंतु धावपळ निराळी आणि खेळ निराळा, हे बाहेर बसलेल्यांनाही दिसत होते.

हा एकच सामना असता तर त्यास दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. तसे नव्हते. त्याच वर्षी मार्चात शिलाँग येथे बांगलादेशाशी कोरी बरोबरी झाली होती. जूनमध्ये हाँगकाँगने अगदी शेवटच्या क्षणी एका गोलाने हरविले. ऑक्टोबराच्या ९ तारखेस सिंगापुरात आपला भरवशाचा बचावपटू संदेश झिंगन यास मैदानाबाहेर जावे लागले असता दहा खेळाडूंनी लढून, रहीम अली याच्या अखेरच्या गोलाने १-१ अशी बरोबरी साधली. त्यामुळेच मडगावास जाणाऱ्यांच्या मनात आशा उत्पन्न झाली होती. मडगावनंतर नोव्हेंबरात ढाक्यास बांगलादेशानेही आपणांस एका गोलाने हरविले. असे बावीस वर्षांत घडले नव्हते. म्हणजे हा एका संध्याकाळचा अपघात नव्हे, ही वर्षभराची जमाखर्चाची वही आहे, आणि तिच्यात जमेची बाजू जवळजवळ कोरी आहे.

त्यापूर्वीची पाने उलटली तरी चित्र फारसे बदलत नाही. २०१९ च्या जानेवारीत संयुक्त अरब अमिरातीत आपण थायलंडवर ४-१ असा सुरेख विजय मिळविला, व पुढे बहारीनविरुद्धच्या सामन्यात जादा वेळेतील एका पेनल्टीने बाहेर पडलो. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये ऑस्ट्रेलियाकडून दोन, उझबेकिस्तानकडून तीन आणि सीरियाकडून एक अशा गोलांनी हरलो, आणि तिन्ही सामन्यांत मिळून आपल्या नावावर एकही गोल चढला नाही. तेथे नोकरीधंद्यानिमित्त राहणारे हजारो भारतीय प्रत्येक सामन्यास निळे कपडे घालून येत होते. त्यांनी दिलेला उत्साह परत करण्यास संघापाशी काहीच नव्हते.

अशा संघाबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या प्रेक्षकांचा एक मेळा आहे. २०१७ सालापासून तो ‘ब्लू पिलग्रिम्स’, म्हणजे निळे यात्रेकरू, या नावाने ओळखला जातो. हे नाव ज्याने सुचविले असेल त्यास महाराष्ट्रातील माणसाचे मन ठाऊक असावे असे वाटते. कारण यात्रा म्हटली की आपल्यापुढे पंढरीची वाट उभी राहते. वारकरी विठोबापाशी सौदा करीत नाही. यंदा पाऊस पाडलास तर येईन, नाहीतर येणार नाही, अशी त्याची भाषा नसते. हरणाऱ्या संघामागे जाणाऱ्याची निष्ठा काही अंशी या जातीची आहे, आणि तेवढ्यापुरती ती आदरास पात्र आहे. जिंकणाऱ्याच्या मिरवणुकीत कोणीही सामील होतो. हरणाऱ्याच्या शेजारी बसण्यास मात्र स्नेह लागतो.

परंतु ही उपमा येथेच थांबविली पाहिजे. विठोबा विटेवर उभा आहे, त्यास कोणी प्रशिक्षक नेमीत नाही, त्याचा कारभार कोणा महासंघाकडे नाही. फुटबॉल-संघ हा देव नव्हे. तो माणसांनी निवडलेला, माणसांनी शिकविलेला व माणसांच्या पैशावर चाललेला असतो. त्यास जाब विचारता येतो, आणि विचारला पाहिजे. प्रेक्षकाचा धर्म म्हणून जो काही असेल, तो याच दोन गोष्टींचा मेळ आहे: न सोडणारी निष्ठा आणि न भुलणारा हिशेब. पहिलीवाचून दुसरा कोरडा होतो, आणि दुसऱ्यावाचून पहिली आंधळी होते.

आता हिशेब मांडावयाचा तर प्रथम नेहमीचे आक्षेप निकालात काढले पाहिजेत. कोणी म्हणेल, देशापुढे अन्नवस्त्राचे, आरोग्याचे, शिक्षणाचे प्रश्न असता एका चामड्याच्या चेंडूचे दुःख ते काय! या आक्षेपास उत्तर एवढेच की, ज्या कारणांनी आपण फुटबॉलमध्ये हरतो, तीच कारणे इतर क्षेत्रांतही आपणांस हरवितात: पायाभरणीचा कंटाळा, कारभारातील भांडणे, आणि आजचे काम उद्यावर ढकलण्याची सवय. चेंडूच्या खेळात ती नव्वद मिनिटांत उघडी पडतात एवढेच. आरशात दिसलेला डाग आरशाचा नसतो.

दुसरा आक्षेप शरीरयष्टीचा. आपली माणसे ठेंगणी, आपला आहार हलका, हा खेळ आपला नव्हे, असे म्हणणारे आजही भेटतात. मडगावात गोल करणारा छांगटे हा मिझोरामचा आहे. २०११ च्या खानेसुमारीत त्या राज्याची लोकसंख्या अकरा लाखांच्या घरात होती, म्हणजे मुंबई शहर व उपनगरे यांच्या दशांशाहूनही कमी. परंतु राष्ट्रीय संघात मिझोराम आणि मणिपूर यांचे खेळाडू सतत दिसतात. २०१७ साली ऐझॉल या मिझोरामच्या राजधानीतील एका लहानशा संघाने मोठमोठ्या धनिक संघांना मागे टाकून राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांची खेळाडू व शिक्षक म्हणून उमेद मुंबईच्या मैदानांवर गेली, आणि जे २०२५ च्या ऑगस्टात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. मिझोरामच्या लोकांची शरीरे काही निराळ्या मातीची घडलेली नाहीत. तेथे गाव, चर्च आणि १९३५ साली स्थापन झालेली यंग मिझो असोसिएशनसारखी संस्था मुलांच्या खेळाकडे गावाचे काम म्हणून पाहते, हा फरक आहे.

तिसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. एकशे चाळीस कोटींच्या देशात अकरा खेळाडू मिळू नयेत काय, असे आपण दरवेळी संतापून विचारतो. हा प्रश्न जितका जोरदार, तितकाच पोकळ आहे. मडगावच्या सामन्याच्या आदल्याच दिवशी, ता. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी, आफ्रिकेच्या पश्चिमेस समुद्रात असलेल्या केप व्हर्दे या बेटांच्या देशाने इस्वातिनीचा ३-० असा पराभव करून २०२६ च्या विश्वचषकात प्रवेश मिळविला. गोव्याप्रमाणेच ही बेटेही पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती. गोवा १९६१ साली मुक्त झाला, ती १९७५ साली स्वतंत्र झाली. त्या देशाची वस्ती पाच लाखांच्या आसपास आहे. आपली कांदिवली ज्या महापालिका-विभागात मोडते, त्या एका विभागाची वस्ती २०११ च्या खानेसुमारीतच त्याहून अधिक भरली होती! केप व्हर्देच्या संघातील अनेक खेळाडू युरोपात वाढले व तेथेच खेळ शिकले, हे खरे. परंतु त्यावरून तर मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. माणसे किती, हा प्रश्न नसून त्यांतील किती मुलांना लहानपणी मैदान, शिक्षक व सामने मिळतात, हा प्रश्न आहे. ज्या सिंगापूरने आपणांस हरविले, त्याची वस्ती साठ लाखांच्या आसपास. त्याने पुढील महिन्यात हाँगकाँगला हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळविला. यापूर्वी १९८४ साली यजमान या नात्याने त्यास जागा मिळाली होती, मैदानावर झगडून मिळालेली ही पहिलीच. त्याचा हेवा न करता त्यापासून धडा घेणे हेच योग्य.

आपल्या देशास असा धडा घेता येतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले. त्या सामन्यात दोन पेनल्ट्या फुकट गेल्या. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले. त्या दारुण पराभवानंतर अनवाणी खेळण्याचा हट्ट सुटला, बूट आले, आणि हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकाच्या हाताखाली संघ नव्याने घडू लागला. अवघ्या चार वर्षांत, १९५६ साली, मेलबर्न येथे भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्याचा, आणि मुंबईच्या टाटा व कॅल्टेक्स या संघांचा खेळाडू होता; ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून रहीमांच्या संघाने पुन्हा सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी रहीम कर्करोगाने आजारी होते. १९६३ च्या जूनमध्ये ते वारले. त्यांच्यामागे त्यांचे काम तितक्याच चिकाटीने चालविणारा कोणी उभा राहिला नाही, आणि इतर देश मात्र पुढे सरकत राहिले.

या इतिहासात आपल्या मुंबईचा वाटा लहान नव्हे. १८९१ साली येथे सुरू झालेली रोव्हर्स चषकस्पर्धा देशातील जुन्या व मानाच्या स्पर्धांपैकी एक होती. प्रथम गोऱ्या पलटणींचे संघ तीत जिंकत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या देशी संघाने ती मक्तेदारी मोडली. पुढे १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे ओळीने रहीमांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने तो चषक नेला. कुपरेजच्या मैदानाभोवती गिरण्या, तेल-कंपन्या, बँका व रेल्वे यांचे संघ वाढले. चांगल्या खेळाडूस नोकरी मिळे आणि घर चाले. आता ती स्पर्धा बंद पडली आहे. महिंद्र युनायटेड, मुंबई एफ. सी. यांसारखे संघ एकामागून एक मिटले. जुन्या झाडांची सावली गेली आणि नवी झाडे कोणी लावली नाहीत, असे त्या काळातील प्रेक्षक म्हणतात, ते खोटे नाही.

तेव्हा जाब विचारावयाचा तर पुष्कळ विचारता येईल. २०२२ च्या ऑगस्टात आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिफाने, कारभारात बाहेरची ढवळाढवळ होत असल्याचे कारण देऊन भारतीय महासंघास काही दिवस निलंबित केले होते. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढील हंगाम अनिश्चित काळासाठी लांबणीवर पडला. कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातील करार डिसेंबरात संपत होता व पुढील करार झालेला नव्हता. परिणाम असा की, ऑक्टोबरात सिंगापूरपुढे उभे राहताना आपल्या खेळाडूंच्या पायांखाली त्या हंगामातील लीगचा एकही सामना नव्हता. २०१९ च्या जानेवारीपासून २०२५ च्या ऑगस्टापर्यंत राष्ट्रीय संघाने एकामागून एक चार प्रशिक्षक पाहिले. दरवेळी पराभवानंतर माणूस बदलला. पद्धत बदलली नाही. १९५२ चा पराभव आणि आजचा पराभव यांत हाच फरक आहे. त्या वेळी हरल्यावर आपण शिकलो. आता हरल्यावर आपण रागावतो आणि विसरतो.

परंतु अधिकाऱ्यांकडे बोट दाखविले की प्रेक्षक मोकळा झाला, असे नाही. २०१८ च्या जूनमधील गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे. ता. १ रोजी अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात भारताने चिनी तैपेई संघावर ५-० असा विजय मिळविला आणि कर्णधार सुनील छेत्री याने तीन गोल केले. तो पाहण्यास अडीच हजारांच्या आसपास माणसे आली होती. कांदिवलीहून अंधेरी म्हणजे मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी ही चार स्टेशने ओलांडली की पाचवे! दुसऱ्या दिवशी छेत्रीने लोकांना हात जोडून विनविले की, आम्हांला शिव्या द्या, टीका करा, पण सामना पाहण्यास या. ता. ४ रोजी केनियाविरुद्धचा, त्याचा स्वतःचा शंभरावा सामना मुसळधार पावसात भरलेल्या क्रीडांगणात झाला, आणि भारताने तो ३-० असा जिंकला. पावसात भिजत उभ्या राहिलेल्या त्या लोकांचे कौतुक आहेच. परंतु देशाच्या कर्णधारास विनवणी करावी लागावी, ही गोष्ट त्या कौतुकाखाली झाकली जाऊ नये. जो समाज परक्या देशातील संघांचे सामने मध्यरात्रीपर्यंत जागून पाहतो व त्यांचे सदरे विकत घेऊन अंगात घालतो, त्याला स्वतःच्या संघाचा सामना पाच स्टेशने दूर वाटावा, हे पराभवाच्या कारणांपैकीच एक कारण आहे.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हरलेल्या खेळाडूस त्याच्या घरापर्यंत, त्याच्या आईबापांपर्यंत जाऊन शिव्या देणे, ही आता रीतच पडू पाहत आहे. एखाद्याच्या हातून चुकीने पेनल्टी जाते, एखाद्यास लाल पत्र मिळते, आणि त्या एका क्षणावरून त्याच्या दहा वर्षांच्या कष्टांची माती केली जाते. जाब विचारणे निराळे आणि चिखलफेक निराळी. जाब अधिकारावर बसलेल्यास विचारावा. घाम गाळणाऱ्याच्या चुकीस तर मुलांच्या पहिल्या खेळापासून आपण क्षमा करीत आलो आहोत. आपल्या शाळेच्या मैदानावर गोल हुकलेल्या मुलाच्या पाठीवर त्याचाच मित्र हात ठेवतो. मोठ्या माणसांना हे शिकविण्यासाठी त्याहून मोठे विद्यापीठ नको.

आता पालकवर्गास दोन शब्द. राष्ट्रीय संघ दिल्लीत घडत नाही. तो शाळेच्या मैदानावर घडतो. गोव्यात हा खेळ १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी शिवोली येथे आणला असे सांगतात. त्याच्या मुळाशी लष्कर नव्हते की व्यापार नव्हता, एक शिक्षक आणि काही मुले होती. मिशनच्या शाळांनी हिंदुस्थानभर हेच केले: वर्ग आणि मैदान ही एकाच शिक्षणाची दोन अंगे मानली. आज आपल्या कांदिवलीत मैदानास जागा उरत नाही. चारकोप, महावीरनगर, ठाकूर व्हिलेज, पोयसर, कोठेही पाहावे तो इमारती उंच होत आहेत, आणि खालची जागा मोटारींनी भरत आहे. तासाच्या भाड्याने मिळणारी कृत्रिम हिरवळ आली आहे, परंतु ती ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्याचसाठी. चाळीतील किंवा झोपडीतील जो पोरगा चेंडूमागे सर्वांत अधिक वेगाने धावेल, त्यास ती परवडत नाही. अशा स्थितीत प्रत्येक उरलेले मैदान राखणे, सुट्टीच्या दिवशी शाळेचे फाटक मुलांना उघडे राहील अशी व्यवस्था मागणे, हे काम पालकांनी एकत्र येऊन केले पाहिजे. एखाद्या सोसायटीने आपल्या आवारात ‘येथे खेळू नये’ अशी पाटी लावली, तर मडगावच्या पराभवाची एक वीट तेथेही बसली, असे समजावे.

दुसरी विनंती याहून अवघड आहे. नववीत जाताच, पुष्कळदा त्याच्याही आधी, आपण मुलाच्या हातून चेंडू काढून घेतो. आता दहावी आली, आता खेळ पुरे, असे म्हणतो. परीक्षेची काळजी समजण्यासारखी आहे. ज्यांच्या घरात एकाच्या शिक्षणावर सगळ्यांचा आधार आहे, त्यांना उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु चौदा ते सतरा ही वर्षे म्हणजे खेळाडूच्या घडणीची वर्षे. त्याच वर्षांत देशातील बहुतेक मुले मैदान सोडून शिकवणीच्या वर्गात बसतात, आणि मग आपण एकशे चाळीस कोटींचा हिशेब मांडून आश्चर्य करतो. रोजचा एक तास खेळास दिल्याने विद्या बुडत नाही. ती बुडते कंटाळ्याने, आणि कंटाळा घालविण्यास एक तासाच्या धावण्यासारखे औषध नाही.

हेच मुलींच्या बाबतीत अधिक आग्रहाने सांगावयाचे आहे, आणि त्यास पुरावाही ताजा आहे. २०२२ च्या जानेवारीत महिलांची आशियाई चषकस्पर्धा आपल्याच दारी, मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली. आपल्या मुलींनी इराणशी बरोबरीचा सामना खेळला, आणि लगेच साथीच्या रोगाने संघ गाठला. ता. २३ रोजी नवी मुंबईत चिनी तैपेईविरुद्ध नियमाप्रमाणे लागणारे तेरा खेळाडूही उभे करता येईनात. सामना झाला नाही, आणि यजमान संघ न हरताच स्पर्धेतून बाहेर पडला. यापेक्षा कडू निराशा कोणत्या संघाच्या वाट्यास आली असेल? त्यानंतर साडेतीन वर्षांनी, ता. ५ जुलै २०२५ रोजी, थायलंडमधील चियांग माई येथे त्याच देशाच्या संघाला, दोन विश्वचषक खेळलेल्या संघाला, आपल्या मुलींनी २-१ असे हरविले. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे. त्या विजयाने भारताला २०२६ च्या महिला आशियाई चषकात जागा मिळाली, आणि तीही पात्रतेच्या फेरीतून झगडून. पुरुष-संघाच्या पराभवावर ज्यांनी कागदांचे ढीग लिहिले, त्यांतील किती जणांनी या विजयाची एक ओळ तरी वाचली असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. राष्ट्रीय संघ एक नाही, दोन आहेत. निष्ठा दोघांचीही देणे लागते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी फारच थोडे देशासाठी खेळतील. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. परंतु तुमच्यापैकी प्रत्येक जण चांगला प्रेक्षक होऊ शकतो, आणि चांगल्या प्रेक्षकांवाचून चांगला खेळाडू निपजत नाही. आंतरशालेय सामन्यास जा. ज्या मैदानावर पंचवीस माणसे आहेत तेथे सव्विसावे व्हा. खेळाचे नियम नीट शिका, म्हणजे ओरडण्याआधी समजेल. चुकलेल्या खेळाडूस नाव ठेवण्याआधी त्याच्या जागी स्वतःस उभे करून पाहा. आणि मोठे झाल्यावर तुमच्यापैकी ज्यांच्या हाती कारभार येईल, मग तो सोसायटीचा असो, शाळेचा, महापालिकेचा वा महासंघाचा, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, पराभवानंतर माणूस बदलणे सोपे असते, सवय बदलणे कठीण. आणि फळ मात्र दुसऱ्यानेच मिळते.

शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे. काही दाणे वाटेवर पडले, काही खडकावर, काही काटेऱ्यांत. पेरणाऱ्याने म्हणून पेरणी सोडली नाही. परंतु त्या दृष्टांतात सारा भर बियाण्यावर नसून जमिनीवर आहे, हे आपण विसरतो. आपल्या देशात बियाण्याची वाण कधीच नव्हती. जमीन तयार करण्याचे काम तेवढे राहिले आहे, आणि ते सिंगापुरास वा सौदी अरेबियास जाऊन करावयाचे नाही. ते पोयसर नदीच्या अलीकडे-पलीकडे, आपल्या शाळेच्या फाटकाच्या आत, आपल्या घरच्या संध्याकाळच्या वेळापत्रकात करावयाचे आहे. संघ पुन्हा खेळेल. कदाचित पुन्हा हरेल. त्या वेळीही त्याच्यामागे जाणारे जातील. परंतु नुसते जाऊन आलेल्यापेक्षा, जाऊन येऊन आपल्या आळीतील एका मुलास चेंडू आणि जागा मिळवून देणाऱ्याची यात्रा अधिक सफळ झाली, असे म्हणावे लागेल.